इथेच का यायचंय? : अर्जातल्या एका प्रश्नाचा आढावा

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. डॉक्टर होण्यासाठी त्या अमेरिकेला निघाल्यात हे कळल्यापासून लोक त्यांना जे जे विचारत होते, ते प्रश्न त्यांनी स्वतःच सभेपुढे मांडले आणि एकेकाला उत्तर दिलं. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर वाळीत टाकलं तर? काही संकट ओढवलं तर? आणि आजवर आपल्यातल्या कुठल्याही बाईने जे केलं नाही, ते तूच का करावंस?

आज महाराष्ट्रातला एखादा विद्यार्थी फेलोशिपचा, परदेशी विद्यापीठाचा किंवा कॉलेजातल्या एखाद्या निवडक मंडळाचा फॉर्म भरतो तेव्हा त्याच्यापुढे थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात. जागा मोजक्या, येणारे पुष्कळ, आणि कागदावर एक रिकामा चौकोन: तुम्हाला इथे का यायचंय? गुणपत्रिका जोडता येते, दाखले जोडता येतात. या चौकोनात मात्र स्वतःच काहीतरी लिहावं लागतं, आणि भल्याभल्या हुशार मुलांची गाडी तिथे अडते. हा प्रश्न आपल्याकडे कुठून आला, मधल्या काळात कुठे गेला, आता तो कोण कुणाला कसा विचारतंय आणि तो न्याय्य आहे का, याचा हा आढावा.

आनंदीबाईंकडेच आधी थोडं थांबायला हवं, कारण या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मराठी माणसाने क्वचितच दिलं असेल. श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी देशभक्तीची मोघम वाक्यं टाकून वेळ मारून नेली नाही. मद्रासच्या कॉलेजची आणि ठिकठिकाणच्या सुईणकामाच्या वर्गांची माहिती त्यांनी काढली होती, आणि ते शिक्षण का पुरत नाही हे त्यांनी सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही त्यांनी ठणकावून सांगितलं. त्याआधी त्यांचे पती गोपाळराव यांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली होती, तेव्हा धर्मांतराची अपेक्षा पुढे आली होती. मदत हवी, पण स्वतःला विकून नको, हा निवाडा या भाषणाच्या मुळाशी आहे.

चार महिन्यांनी, २८ जून १८८३ रोजी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. कॉलेजच्या सगळ्या अटींत आपण बसत नाही, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने मान्य केलं. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धाराने आपण इथवर आलो, तोच आपल्या बाजूने बोलेल असं म्हटलं. हेतू एकच सांगितला: पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातल्या बायकांना खरी वैद्यकीय मदत मिळावी. गरज कुणाची आहे, ती भागवायला हेच ठिकाण का लागतं आणि शिकून झाल्यावर कुठे परतायचं, हे सगळं त्या छोट्या पत्रात आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. काम करायला आयुष्य उरलं नाही. उत्तरात मात्र कुठेही खोट नव्हती.

आनंदीबाईंच्या पत्रानंतर तीस वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या एका तरुणापुढे आला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती द्यायचं ठरवलं, तेव्हा भीमराव आंबेडकरांना काय शिकायचंय आणि त्याचं पुढे काय करणार, हे महाराजांनी विचारल्याचं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकायचंय, कारण आपल्या समाजाची हलाखी दूर करायचा मार्ग त्यातून सापडेल, असं त्यांचं उत्तर होतं. ४ जून १९१३ रोजी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी. देणाऱ्याचा हेतू करारात लिहिला होता, घेणाऱ्याचा हेतू त्याहून मोठा होता, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. नोकरीसाठी ते बडोद्याला आले, पण तिथे त्यांना राहायला जागासुद्धा मिळू दिली गेली नाही, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. ‘परत येऊन काय करणार’ असं विद्यार्थ्याला विचारणाऱ्याने, तो परत आल्यावर आपण त्याला काय देणार हेही स्वतःला विचारायला हवं, हे या प्रसंगातून मला फार तीव्रतेने जाणवतं.

पुण्यातल्या संस्थांची रीत याच सुमारास निराळी होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी अल्प वेतनावर वीस वर्षं देण्याचं वचन द्यायचं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात यायचं तर सात शपथा घ्यायच्या आणि पाच वर्षं उमेदवारी करायची. तिथे शब्दांत उत्तर देणं पुरत नव्हतं, आयुष्य पुढे ठेवावं लागत होतं. आणि तरीही निवड सोपी नव्हती. १९१५ साली गोखल्यांच्या निधनानंतर गांधीजींनी या समाजाचं सभासदत्व मागितलं. त्यांच्या विचारांची आणि कामाच्या पद्धतीची दिशा आपल्याशी जुळेल का, यावर सभासदांत मतभेद झाले. गांधीजींनी आपला अर्ज स्वतःहून मागे घेतला. आत्मकथेत हा प्रसंग त्यांनी कडवटपणाचा लवलेश न ठेवता सांगितला आहे. अर्ज मागे घेतल्याने समाजाशी आपलं नातं जास्तच घट्ट झालं, असं त्यांना वाटलं. ज्यांना नकाराचं पत्र येतं त्या प्रत्येकाने हा भाग वाचावा. एका संस्थेच्या चौकटीत माणूस बसला नाही म्हणजे तो कमी ठरतो असं नाही. आणि गोखल्यांचे सहकारी गांधींना ‘हो’ म्हणायला कचरले म्हणून ते सहकारीही लहान ठरत नाहीत; त्यांनी आपल्या संस्थेचा प्रामाणिकपणे विचार केला.

स्वातंत्र्यानंतर मात्र हा प्रश्न आपल्या शिक्षणातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा गुणांनी घेतली. दहावी, बारावी, सीईटी, जेईई, नीट: कुठेच कुणी ‘का’ विचारत नाही. याची टिंगल करण्याकडे आपला कल असतो, पण ते बरोबर नाही. गुणांची यादी आडनाव विचारत नाही, बाप काय करतो हे विचारत नाही, मुलाखतीला बूट घालून आलास का हेही विचारत नाही. खेड्यातल्या, दलित, भटक्या, आदिवासी घरांतल्या हजारो मुलामुलींना याच कोरड्या यादीने आणि आरक्षणाने दारं उघडून दिली. किंमत एवढीच मोजावी लागली की एकविसाव्या वर्षापर्यंत आपल्या मुलांना ‘तुला हे का करायचंय’ असं गांभीर्याने कुणी विचारलेलंच नसतं. मग तो प्रश्न फॉर्ममधून एकदम अंगावर येतो.

अपवाद होते. १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा बुद्धिमत्तेच्या चाचण्यांबरोबरच त्या बुद्धीचा समाजासाठी उपयोग काय, हा प्रश्न मध्यभागी ठेवला. मुंबईत विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने चालवलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन आणि मुलाखत असते. मुलाने स्वतः काय शोधलं हे तिथे त्याच्या तोंडून ऐकलं जातं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत हा प्रश्न सगळीकडून परत आला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या प्रेरणेने २००६ साली सुरू झालेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमात गडचिरोलीच्या शोधग्राममधल्या शिबिरांसाठी निवड होते ती भल्या मोठ्या प्रश्नावलीतून आणि मुलाखतीतून. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची फेलोशिप २००९ मध्ये मुंबई-पुण्यातून सुरू झाली. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये परीक्षेनंतर निवडक उमेदवारांना निबंध आणि मुलाखतीला सामोरं जावं लागतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी आधी नामांकित परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो, आणि तो मिळवायचा तर बहुतेक ठिकाणी एसओपी, म्हणजे आपल्या हेतूचं निवेदन, लिहावंच लागतं. म्हणजे सरकारची मदत त्या चौकोनाच्या पलीकडे उभी आहे. अलीकडे उभा असलेला विद्यार्थी तो चौकोन भरू शकला नाही तर ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

असे अर्ज मी बरेच वाचले आहेत, मुलांबरोबर बसून दुरुस्तही केले आहेत. बहुतेक अर्जांत एकच माणूस बोलतोय असं वाटतं. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे.’ ‘लहानपणापासूनच मला या क्षेत्राची आवड आहे.’ ‘आपली संस्था नामांकित असून इथे मला व्यक्तिमत्त्व विकासाची संधी मिळेल.’ ही वाक्यं खोटी नसतात. लिहिणाऱ्याला खरोखर तसं वाटत असतं. पण त्यांतून त्याच्याविषयी काहीच कळत नाही, कारण हीच वाक्यं कुणाच्याही अर्जात, कुठल्याही संस्थेसाठी चालतात. शाळेतल्या निबंधाने आपल्याला ही सवय लावली आहे. स्वतः पाहिलेलं लिहिण्यापेक्षा छान वाटेल ते लिहिणं तिथे गुणांचं ठरतं.

आता कल्पना करा, बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरची मुलगी फेलोशिपचा अर्ज लिहिते आहे. ‘मला ग्रामीण शिक्षणात काम करायचंय’ असं तिने लिहिलं तर ती शेकडोंतली एक. पण तिने असं लिहिलं तर? दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली घरं ऊसतोडीला कारखान्यावर निघतात. गावात हंगामी वसतिगृह आहे, तरी आमच्या वस्तीवरच्या काही मुली आईबापांबरोबर जातातच, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला फडात कुणीतरी लागतं. एनएसएसच्या श्रमसंस्कार शिबिरानंतर मी आणि माझ्या मैत्रिणीने अशा घरांची यादी केली, तीन आयांशी बोललो, एकीने मुलीला मागे ठेवलं, दोघींनी नाही. त्या दोघींना काय सांगायला हवं होतं ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या कार्यक्रमात पालकांबरोबर कसं काम करायचं ते शिकवतात, म्हणून मी अर्ज करतेय.

या उत्तरात यशाची मोठी गोष्ट नाही. उलट तीनपैकी दोन वेळा काम फसलेलं आहे. तरी निवड करणारा माणूस इथे थांबतो, कारण ही मुलगी एका कामाच्या मधोमध उभी आहे आणि पुढचं पाऊल तिला याच ठिकाणी मिळण्यासारखं आहे. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं सार इथे आहे. ‘का’चं खरं उत्तर इच्छेच्या वर्णनात सापडत नाही. हातात घेतलेल्या आणि अडलेल्या कामात ते असतं. आनंदीबाई, आंबेडकर आणि तांड्यावरची ही कल्पनेतली मुलगी, तिघांच्या उत्तरांत हेच आहे. ज्याने अजून कशालाच हात घातलेला नाही त्याच्यासाठीही वाट आहे: अर्ज भरायच्या आधी दोन महिने काहीतरी करून बघणं. शेजारच्या वस्तीतल्या मुलांचा अभ्यास घेणं, गावच्या विहिरींची पाणीपातळी मोजणं, आजोबांच्या पिढीची गाणी टिपून ठेवणं, काहीही. त्यानंतर लिहायला वाक्यं शोधावी लागत नाहीत.

पण हा प्रश्न विचारणाऱ्यांचा इतिहास तितकासा निर्मळ नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांनी १९२० च्या दशकात प्रवेशासाठी ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहायला सुरुवात केली. परीक्षेत ज्यू विद्यार्थी मोठ्या संख्येने पुढे येत होते, त्यांची संख्या आवरायची होती, हे त्यामागचं एक ठळक कारण होतं. जेरोम काराबेल यांनी ‘द चोझन’ या २००५ च्या ग्रंथात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या कागदपत्रांवरून ते सविस्तर दाखवलं आहे. गुण नको, माणूस पाहू, असं म्हणताना कुठला माणूस नको हे आधीच ठरलेलं असू शकतं. जातीचा अनुभव असलेल्या आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मुलाखतीत ‘आपल्यातला वाटतो’ म्हणून मिळणारे गुण आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

आणखी एक पुरावा अलीकडचा आहे. २०२१ साली सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात एक अभ्यास आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे आलेल्या साठ हजार अर्जदारांचे निबंध संशोधकांनी संगणकाने तपासले. निबंधाचा विषय आणि घरचं उत्पन्न यांचा संबंध, परीक्षेचे गुण आणि उत्पन्न यांच्या संबंधापेक्षा जास्त घट्ट निघाला. परीक्षा श्रीमंतांना झुकतं माप देते म्हणून निबंध घ्यावा, असं मानणाऱ्यांना हा धक्का होता. ब्रिटनने त्यावर काही प्रमाणात उपाय केला आहे. तिथल्या विद्यापीठांचे अर्ज स्वीकारणाऱ्या यूकास या संस्थेने २०२६ च्या प्रवेशापासून एकसलग निवेदन बंद करून तीन सरळ प्रश्न ठेवले: हा विषय का शिकायचाय, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. अक्षरांची मर्यादा तीच, चार हजार. ज्या मुलाला घरी कुणी मार्ग दाखवणारं नाही, त्याला कोऱ्या पानापेक्षा नेमका प्रश्न बरा, हा त्यामागचा विचार मला पटतो.

आपल्याकडे याच्याही पुढची एक अडचण आहे, आणि ती मला सगळ्यांत जास्त टोचते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगतं की तुझी परिस्थिती लिही, त्याने निवड होईल. मग अर्जात बापाचं दारूचं व्यसन येतं, आईची धुणीभांडी येतात, गळकं छप्पर येतं. लिहिताना पोराचे हात थरथरतात. हा अनुभव खरा असतो, त्याला लाज वाटायचं काही कारण नाही. पण दुःख दाखवल्याशिवाय दार उघडत नाही असं जर मुलाला वाटलं, तर ती निवड त्याचा सन्मान करत नाही. परिस्थितीची माहिती फॉर्मच्या वेगळ्या रकान्यात, कोरड्या शब्दांत घेता येते. ‘का’च्या चौकोनात त्याने आपलं काम आणि आपली जिज्ञासा लिहावी, तेवढा हक्क त्याला असला पाहिजे. परिस्थिती लिहायचीच असेल तर तिने त्याला काय पाहायला शिकवलं ते लिहावं. राजू केंद्रे यांनी सुरू केलेल्या ‘एकलव्य’सारख्या संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना असे अर्ज लिहायला मदत करतात. हे काम गावोगावच्या कॉलेजांनी करायला हवं होतं.

भाषेचंही तसंच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुणांची मुलाखत मराठीतून देता येते. जिल्हाधिकारी निवडताना जी सवलत आहे, ती आपल्याच शहरातल्या कॉलेजच्या एखाद्या क्लबचा सेक्रेटरी निवडताना मिळत नाही. फॉर्म इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, आणि मुलाखत घेणारी मुलं एकदोन वर्षांनीच मोठी. कॉलेज फेस्टिव्हलची समिती असो, यंत्रमानव बनवणारी रोबोकॉनची किंवा गाडी बनवणारी बाहाची टीम असो, नाटकाचा ग्रुप असो, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ही पहिली निवड फार मोठी असते. लातूरहून, धुळ्याहून आलेला मुलगा हातोडी-पाना चालवण्यात सगळ्यांच्या पुढे असूनही ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ला अडखळला म्हणून परत गेला, असं दरवर्षी कुठे ना कुठे घडतं. त्याला वर्कशॉपमध्ये उभं करून एखादा भाग खोलायला सांगितला असता तर ‘का’चं उत्तर त्याच्या हातांनी दिलं असतं.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र आलं आहे. दोन ओळी सांगितल्या की पानभर सफाईदार एसओपी मिळतं. पैसे घेऊन एसओपी लिहून देणारी दुकानं आधीही होती, आता ती फुकट झाली. रोड्स शिष्यवृत्तीसाठी उमेदवाराला ‘हे लिखाण सर्वस्वी माझंच आहे’ असं लिहून द्यावं लागतं. चांगली गोष्ट आहे, पण प्रतिज्ञेने सगळं थांबेल असं मला वाटत नाही. जे उत्तर यंत्र सहज लिहू शकतं, ते उत्तर मागणारा प्रश्नच बदलायला हवा. ‘नेतृत्वगुणांवर तीनशे शब्द’ मागाल तर तीनशे गुळगुळीत शब्द येतील. ‘गेल्या वर्षी तुम्ही सुरू केलेलं आणि अर्धवट राहिलेलं एक काम सांगा, ते कुठे अडलं?’ असं विचारा आणि मुलाखतीत त्यावरच बोला, म्हणजे उसनं उत्तर दहा मिनिटांत उघडं पडतं.

तेव्हा निवड करणाऱ्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. प्रश्न लहान आणि नेमके ठेवा. हाताने करायच्या कामासाठी हाताने करून दाखवायला सांगा. ज्यांना घेणार नाही त्यांना दोन ओळींत कारण कळवा; त्या मुलाने तुमच्यासाठी रात्र जागून लिहिलेलं असतं. आणि येत्या जूनमध्ये नवे अर्ज निघतील तेव्हा त्या चौकोनाच्या वर एक वाक्य छापा: उत्तर मराठीत लिहिलं तरी चालेल.